पेंडीचा हिशेब : दावणीपासून उकिरड्यापर्यंत

अवर्षणाशी ज्याची जुनी सोयरीक आहे अशा सोलापूर जिल्ह्यात शेतकऱ्याच्या संसाराला दुधाने मोठा आधार दिला आहे. वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. पीक हाती लागेल की नाही याचा भरवसा नाही, पण दुधाचा पैसा ठरल्या दिवशी हाती येतो. त्यामुळे दारात एकदोन संकरित गायी किंवा लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस नाही असे शेतकऱ्याचे घर या भागात शोधावेच लागेल.

या जनावरांपुढे पडणारी वैरण मात्र जिल्ह्यात सगळीकडे एकसारखी नाही. मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात. मोहोळ येथील संशोधन केंद्राने निवडलेल्या 'मालदांडी ३५-१' या रब्बी ज्वारीने जिल्ह्याला धान्य दिले तसाच कडबाही दिला. कोरडवाहू गावांतील दावण आजही कडब्यावरच उभी आहे. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि कालव्याखालच्या तालुक्यांत ऊस आला. उसाबरोबर वाडे आले, बांधावर लसूणघासाचे वाफे आले, दुकानातून पेंडीच्या गोण्या येऊ लागल्या. अशा रीतीने एकाच जिल्ह्यात दोन तऱ्हेच्या दावणी तयार झाल्या. एकीत प्रथिनांचा दुष्काळ, तर दुसरीत पुष्कळदा त्यांची उधळपट्टी.

दूध घालायला आलेल्या मंडळींत बोलणे निघते ते फॅटचे आणि पेंडीच्या भावाचे. दूध कमी आले की पेंड वाढवावी, असा सर्वसाधारण समज आहे. कडब्याच्या दावणीत तो समज बराचसा खरा आहे. ओल्या चाऱ्याच्या आणि भरपूर आंबोणाच्या दावणीत मात्र तो अनेकदा खोटा ठरतो. तेथे वाढवलेली पेंड दुधाच्या कॅनमध्ये न येता गोठ्याच्या गटारात जाते. हे कसे घडते, ते समजून घेण्यासाठी प्रथम गायीच्या पोटात डोकावणे आवश्यक आहे.

कोठीपोटातील कारखाना

गायीच्या पोटाचे चार कप्पे असतात : कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट. यांपैकी कोठीपोट सर्वांत मोठे. मोठ्या गायीत त्यात शंभर लिटरहून अधिक ऐवज मावतो. त्यातील चमचाभर द्रवात अब्जावधी सूक्ष्म जीवाणू असतात. माणसाला न पचणारा कडब्याचा तंतुमय भाग हेच जीवाणू फोडतात. थोडक्यात सांगावयाचे तर आपण गायीला चारतो असे म्हणतो खरे, परंतु प्रत्यक्षात आपण आधी या जीवाणूंना चारतो आणि नंतर ते जीवाणू गायीच्या उपयोगी पडतात.

प्रथिनांचा प्रवास येथेच निराळे वळण घेतो. पेंडीतील किंवा घासातील प्रथिने कोठीपोटात पोहोचली की त्यांचा बराच मोठा भाग जीवाणू फोडून टाकतात आणि त्यापासून अमोनिया तयार होतो. प्रथिनांचे वैशिष्ट्य म्हणजे त्यांतील नत्र. प्रथिनांच्या वजनात साधारणतः १६ टक्के नत्र असते, म्हणूनच प्रयोगशाळेत वैरणीतील नत्र मोजून त्याला सव्वासहाने गुणतात व प्रथिनांचे प्रमाण ठरवितात. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील जोहान केल्डाल यांनी १८८३ साली नत्र मोजण्याची जी पद्धत शोधून काढली, तीच किरकोळ सुधारणांसह आजही वापरात आहे.

अमोनियाच्या रूपाने मोकळा झालेला हा नत्र जीवाणू उचलतात आणि त्यापासून स्वतःच्या शरीराची नवी प्रथिने बांधतात. असे पोसलेले जीवाणू पुढे खऱ्या पोटात व लहान आतड्यात जातात, तेथे ते पचतात आणि त्यांच्या प्रथिनांतून गायीचे मांस, वासरू व दूध घडते. गायीला लागणाऱ्या प्रथिनांचा मोठा वाटा हा असा जीवाणूंच्या मार्गाने येतो. फिनलंडचे शास्त्रज्ञ आर्तुरी विर्तानेन यांना १९४५ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. त्यांनी १९६० नंतरच्या दशकात काही गायींना प्रथिने मुळीच नसलेला आहार दिला. त्यात स्टार्च, साखर, शुद्ध तंतू, क्षार आणि नत्रासाठी केवळ युरिया व अमोनियाचे क्षार होते. तरीही त्या गायी दूध देत राहिल्या. त्या दुधातील प्रथिने जीवाणूंनी घडविलेली होती.

मात्र या कारखान्याला नुसता नत्र पुरत नाही. अमोनियाची वीट बसवावयाची तर गवंड्याला दमही हवा. तो दम ज्वारीचा किंवा मक्याचा भरडा, मळी, चांगला चारा यांतील पिष्टमय व शर्करायुक्त पदार्थांतून मिळतो. नत्र आणि ऊर्जा ही दोन्ही एकाच वेळी आणि योग्य प्रमाणात कोठीपोटात असली, तरच जीवाणू वाढतात. नत्र पुष्कळ आणि ऊर्जा कमी अशी अवस्था झाली, तर उरलेला अमोनिया कोठीपोटाच्या भिंतीतून रक्तात शिरतो. अमोनिया हे विष आहे. म्हणून यकृत त्याचा तत्काळ युरिया करते. या युरियाचा काही भाग लाळेतून पुन्हा कोठीपोटात परततो, थोडा दुधात उतरतो आणि उरलेला मूत्रपिंडांवाटे बाहेर टाकला जातो. युरिया तयार करण्यासाठीही गायीला स्वतःची शक्ती खर्चावी लागते. म्हणजे शेतकऱ्याने पेंडीसाठी पैसे मोजले, आणि ती पेंड निकालात काढण्यासाठी गायीने आपली ताकद मोजली!

दोन दावणींचा हिशेब

ही गोष्ट आकड्यांत मांडून पाहू. पुढील आकडे ढोबळ आहेत, वैरणीच्या प्रतीनुसार ते थोडेफार बदलतील.

सुमारे ४०० किलो वजनाची, रोज १० लिटर दूध देणारी संकरित गाय घ्या. चाऱ्यातील पाणी वजा जाता उरतो तो शुष्कांश. असा १२ किलो शुष्कांश ती रोज खाते आणि त्यात प्रथिनांचे प्रमाण १३ टक्के आहे असे धरू. म्हणजे तिला १ किलो ५६० ग्रॅम प्रथिने, अर्थात सुमारे २५० ग्रॅम नत्र मिळाले. शरीरपोषण आणि १० लिटर दूध यांसाठी अशा गायीला सव्वा ते दीड किलो प्रथिने लागतात. गरज भागली. आता तिच्या दुधात ३.३ टक्के प्रथिने असली, तर दुधावाटे ३३० ग्रॅम प्रथिने, म्हणजे सुमारे ५२ ग्रॅम नत्र बाहेर आले. खाल्लेल्या नत्राच्या पाचव्या हिश्शाएवढे! उरलेले दोनशेच्या आसपास ग्रॅम शेण व मूत्र यांतून गेले. यात विशेष वावगे काही नाही. जगातील उत्तमोत्तम गोठ्यांतही खाल्लेल्या नत्रापैकी दुधात उतरणारा भाग साधारणतः पाव ते तिसऱ्या हिश्शापलीकडे जात नाही.

आता मालकाने दूध वाढेल या आशेने तिला दीड किलो शेंगदाणा पेंड जादा सुरू केली. शेंगदाणा पेंडीत प्रथिने ४० टक्क्यांच्या वर असतात. म्हणजे रोज सहाशे ग्रॅमहून अधिक प्रथिने, सुमारे १०० ग्रॅम नत्र वाढले. गायीची कुवत १० लिटरचीच असेल, किंवा ऊर्जा अपुरी असेल, तर दूध वाढत नाही. ही पेंड पचायला अत्यंत सोपी असल्याने तिचा नत्र शेणातही फारसा राहत नाही. शेणातील नत्र जवळजवळ पूर्वीइतकाच राहतो आणि मूत्रातील नत्र दुपटीच्या जवळ जातो. या जादा नत्रापैकी रोज ९० ग्रॅम जरी मूत्रात गेले, तरी ३०० दिवसांच्या वेतात ते २७ किलो होतात. दुकानातील युरिया खताच्या भाषेत बोलायचे, तर हे ५८ किलोंहून अधिक झाले; आजच्या ४५ किलोंच्या गोणीच्या हिशेबाने सव्वा गोणीपेक्षा जास्त. पेंडीच्या भावाने विकत घेतलेला हा युरिया आहे, हे ध्यानात घ्यावे.

आता दुसरी दावण. मार्च-एप्रिलात एखाद्या कोरडवाहू गावी भाकड गाय केवळ कडब्यावर उभी आहे. कडब्यात प्रथिने जेमतेम चार टक्के. सहा किलो कडब्यातून तिला २४० ग्रॅम प्रथिने मिळाली. कोठीपोटातील जीवाणूंना आपले काम नीट चालविण्यासाठी वैरणीत किमान सात टक्क्यांच्या आसपास प्रथिने लागतात. त्याखाली गेले की जीवाणूंची संख्या घटते, तंतू फुटेनासे होतात, चारा पोटात रेंगाळतो आणि पोट भरलेले असल्याने गाय आणखी खात नाही. समोर वैरण असून जनावर खंगत जाते. येथे एक किलो सरकी पेंड दिली, तर तिच्यातील सुमारे २२० ग्रॅम प्रथिनांनी आहाराचे प्रमाण साडेसहा टक्क्यांच्या पुढे जाते, आणि त्या एका किलोचा लाभ पेंडीपुरता न राहता सगळा कडबा अधिक पचण्यात होतो. एका दावणीत वाया जाणारी पेंड दुसऱ्या दावणीत सोन्यासारखी ठरते, ती अशी. खेदाची बाब इतकीच की पेंड परवडते ती बहुधा पहिल्या दावणीच्या मालकाला.

पेंड आणि पेंड यांतही फरक आहे. शेंगदाणा पेंडीतील प्रथिने कोठीपोटात झपाट्याने फुटतात. सरकी पेंडीतील व मक्यातील प्रथिने त्या मानाने सावकाश फुटतात आणि त्यांचा काही भाग जीवाणूंच्या हाती न लागता थेट पुढच्या कप्प्यात जातो. जास्त दूध देणाऱ्या गायीला अशा 'निसटणाऱ्या' प्रथिनांची गरज असते, कारण केवळ जीवाणूंच्या प्रथिनांवर तिचे भागत नाही. आठदहा लिटरच्या गायीसाठी मात्र खास प्रक्रिया केलेल्या महागड्या खाद्याच्या मागे धावण्याचे कारण नाही. सरकी पेंड घेताना ती टरफलासहित आहे की टरफल काढलेली, एवढे अवश्य विचारावे. पहिलीत प्रथिने २२-२३ टक्के, तर दुसरीत ३५ टक्क्यांच्या वर असतात, आणि दोहोंना 'सरकी पेंड' असेच म्हणतात.

शेण व मूत्र : दोन निराळ्या वाटा

शेणातील नत्र आणि मूत्रातील नत्र यांचा स्वभाव वेगळा. शेणात न पचलेली प्रथिने, मेलेले जीवाणू आणि आतड्याचे झडलेले अस्तर यांच्या रूपाने नत्र बांधलेला असतो. तो जमिनीत सावकाश सुटतो व पिकाला टप्प्याटप्प्याने मिळतो. मूत्रातील नत्र बहुतांशी युरियाच्या रूपात असतो. मूत्र शेणात किंवा मातीत मिसळले की तेथील विकर त्याचा काही तासांतच अमोनिया करू लागतात आणि तो हवेत उडतो. सकाळी बंद गोठ्यात शिरताच डोळ्यांना जो झोंबतो, तो हाच. सोलापूरच्या उन्हात हे उडून जाणे अधिकच वेगाने होते.

जो नत्र उडत नाही तो जमिनीत नायट्रेट बनतो. पीक उभे नसेल तर पावसाच्या पाण्याबरोबर तो खाली झिरपतो. आपल्याकडे मुरमाखाली काळा कातळ आणि त्याच्या भेगांतून विहिरीला येणारे पाणी, अशी रचना आहे. गोठा, उकिरडा आणि पिण्याच्या पाण्याची विहीर ही तिन्ही एकाच परसात असतील, तर काय होईल हे सांगावयास नको. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे भारतीय मानक आहे. त्याहून अधिक नायट्रेट तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी करते.

स्फुरद व पालाश यांची वाटणीही सांगितली पाहिजे. आहारातील जादा स्फुरद जवळजवळ सगळा शेणात जातो, तर पालाश मुख्यतः मूत्रात. म्हणून जो शेतकरी शेण गोळा करतो आणि मूत्र वाहू देतो, त्याच्या खतात स्फुरद राहतो, पण पालाश आणि लवकर लागू पडणारा नत्र नाहीसा होतो. उघड्यावरच्या उकिरड्यातील शेणखतात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपासच भरतो, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

या प्रश्नाचे टोक पाहावयाचे असेल तर नेदरलँडकडे पाहावे. त्या लहानशा देशाने परदेशांतून आणलेल्या खाद्यावर प्रचंड पशुधन पोसले. खाद्य बाहेरून आले, दूध-लोणी बाहेर गेले, परंतु नत्र मात्र तेथल्या जमिनीत, पाण्यात व हवेत साठत राहिला. १९८० नंतर तेथे खत व पशुसंख्या यांवर निर्बंध येऊ लागले. २०१९ च्या मे महिन्यात तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने नत्राविषयीची सरकारी परवाना पद्धत रद्दबातल ठरविली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात हजारो शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेग शहराच्या रस्त्यांवर उतरले. आपल्या जिल्ह्याची स्थिती तशी नाही आणि तशी तुलनाही कोणी करू नये. परंतु जेथे बाहेरून आणलेल्या पेंडीवर एका जागी वीस-पंचवीस गायी उभ्या राहतात आणि शेजारी तितकी जमीन नसते, तेथे हाच हिशेब लहान प्रमाणावर सुरू झालेला असतो.

वाड्यांचा आणि उसाचा आहार

साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात हंगामात वाडे मुबलक मिळतात, आणि टंचाईच्या काळात तर उसाचीच कुट्टी चारा म्हणून वापरली जाते. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत सांगोला, मंगळवेढा भागांतील चारा छावण्यांत हजारो जनावरांनी उसावर दिवस काढले. जनावरे जगली, ही मोठीच गोष्ट होती. परंतु आहार म्हणून ऊस एकांगी आहे. साखर भरपूर, प्रथिने मात्र कडब्याहूनही कमी. म्हणजे शेंगदाणा पेंडीच्या अगदी उलट प्रकार. येथे गवंड्याला दम आहे, विटा नाहीत. क्युबामध्ये टी. आर. प्रेस्टन या शास्त्रज्ञाने १९६० नंतरच्या दशकात मळीमध्ये थोडा युरिया मिसळून जनावरे वाढविण्याची पद्धत बसविली, ती याच तत्त्वावर. उसाच्या कुट्टीबरोबर लसूणघास, सुबाभूळ, शेवरी किंवा थोडी पेंड दिली, तर साखर आणि नत्र यांची जोडी जमते.

वाड्यांत आणखी एक दोष असतो. त्यांतील ऑक्झलेट हे चुन्याला, म्हणजे कॅल्शियमला, बांधून ठेवते आणि ते शेणावाटे निघून जाते. सतत वाड्यांवर असलेली दुभती गाय त्यामुळे आतून झिजते. वाडे इतर चाऱ्यात मिसळून देणे, त्यांवर चुन्याची निवळी शिंपडणे आणि क्षारमिश्रण देणे, हे उपाय पशुवैद्यक सांगतात.

दावणीत करावयाचे बदल

लसूणघासात शुष्कांशाच्या हिशेबाने १८ ते २० टक्के, कधी त्याहूनही अधिक प्रथिने असतात. ज्याच्याकडे तो भरपूर आहे त्याने पेंड कमी करून भरडा वाढवावा. पुष्कळ ठिकाणी नेमके उलटे होते, घासही भरपूर आणि वर पेंडही. घास एकटा न टाकता कडब्याच्या कुट्टीत मिसळून द्यावा. त्याने पोटफुगी टळते आणि नत्र व तंतू एकत्र पोटात जातात. आंबोण एकाच वेळी न देता दोन-तीन वेळा विभागून दिले, तर कोठीपोटात अमोनियाची एकदम भरती येत नाही. हा बदल करायला एक पैसाही लागत नाही.

पेंड परवडत नाही अशा ठिकाणी कडब्यावर युरियाची प्रक्रिया करता येते. १०० किलो कडबाकुट्टीसाठी ४ किलो युरिया सुमारे ५० ते ६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरांवर सारखा शिंपडावा, कुट्टी दाबून प्लॅस्टिकच्या कागदाखाली हवाबंद करावी आणि २१ दिवसांनी उघडून, वास उडून गेल्यावर, थोडी थोडी चारू लागावे. कडब्यातील प्रथिनांचे प्रमाण यामुळे सात-आठ टक्क्यांपर्यंत जाते. मात्र युरिया कमी पाण्यात कालवणे, नुसता पेंडीत टाकणे किंवा त्याचे पाणी जनावराच्या तोंडाला लागेल असे ठेवणे प्राणघातक आहे. सहा महिन्यांखालील वासरांना अशी कुट्टी देऊ नये. प्रथम पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून, मगच हा प्रयोग करावा.

गोठ्याची जमीन उताराची करून मूत्र खड्ड्यात घ्यावे, अथवा जनावरांखाली कोरडी माती, पाचट वा पालापाचोळा पसरून तो रोज उकिरड्यात टाकावा. उकिरडा विहिरीपासून दूर, खड्ड्यात आणि सावलीत असावा व वर मातीचा थर द्यावा. गोबरगॅस संयंत्रात गॅस निघून गेला तरी नत्र रबडीतच राहतो. ती उन्हात वाळवण्याऐवजी पाटाच्या पाण्याबरोबर किंवा कंपोस्टमध्ये मिसळून वापरली, तर तो हाती लागतो.

आपल्या गायीला प्रथिने जास्त होत आहेत की कमी, हे ओळखण्याच्या खुणा आहेत. दुधात १०० मिलिलिटरमागे १८ ते ४० मिलिग्रॅम युरिया निसर्गतःच असतो. चांगल्या आहारात तो या मर्यादेत राहतो. ऊर्जेच्या मानाने प्रथिने फार झाली की वर चढतो. (भेसळीसाठी जो युरिया दुधात घालतात त्याचा याच्याशी गोंधळ करू नये, त्यासाठी कायद्याने ७० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा घातलेली आहे.) संघाच्या प्रयोगशाळेत ही तपासणी होत असेल, तर आपल्या दुधाचा आकडा विचारून घ्यावा. गाय वारंवार उलटत असेल, गोठ्यात अमोनियाचा वास दाटत असेल, शेण पातळ पडत असेल, तर जादा प्रथिनांचा संशय घ्यावयास जागा आहे. उलट शेण कोरडे, गोळ्या पडल्यासारखे आणि त्यात कडब्याचे लांब तुकडे जसेच्या तसे दिसत असतील, तर कोठीपोटातील जीवाणू उपाशी आहेत असे समजावे.

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने २०११-१२ ते २०१८-१९ या काळातील राष्ट्रीय दुग्ध योजनेच्या पहिल्या टप्प्यात गावोगावी 'संतुलित आहार' सल्ल्याचा कार्यक्रम राबविला. त्यात महाराष्ट्रही होता. गावातीलच प्रशिक्षित व्यक्ती गायीचे वजन, दूध व घरात उपलब्ध असलेली वैरण यांवरून संगणकाच्या साह्याने कमीत कमी खर्चाचा आहार बसवून देई. असा सल्ला आज ज्यांना मिळत नाही, त्यांनी घरच्या घरी करता येण्याजोगी एक परीक्षा आहे. व्यायल्याला तीनचार महिने होऊन गेलेली, ओला चारा भरपूर असलेली गाय निवडावी. तिची पेंड अर्धा किलोने कमी करावी आणि तेवढाच ज्वारीचा किंवा मक्याचा भरडा घालावा; बाकी काहीही बदलू नये. बदलाआधीचे आठ दिवस व नंतरचे दहा दिवस सकाळ-संध्याकाळचे दूध मापून वहीत लिहावे, फॅटचा आकडाही टिपावा. दूध उतरले, तर पेंड पूर्ववत करावी. उतरले नाही, तर आणखी अर्धा किलो कमी करून पुन्हा दहा दिवस पाहावे. नुकती व्यायलेली, गाभण काळाच्या शेवटच्या दोन महिन्यांतील आणि केवळ कडब्यावर असलेली गाय मात्र या परीक्षेला घेऊ नये.